आरव्हीचं ऑनिंग वाऱ्या-पावसात नेमकं काय करतं

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, संडासाची टाकी हे सगळं पंधरा मिनिटांत दाखवून संपवलं. मग करारातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे वेगळी सही लागेल. गाडी ठोकली तर विम्यातून काही ना काही सुटणार होतं. दारावरचं कापडी छत, म्हणजे ऑनिंग, फाटलं किंवा वाकलं तर मात्र सगळा भुर्दंड आमच्यावर. पुढे कळलं की अमेरिकेत आरव्ही भाड्याने देणाऱ्या बऱ्याच जणांच्या करारात ही ओळ असतेच. पुण्याहून आलेले बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "एवढं काय आहे रे त्या कापडात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. आता देतो.

ज्यांनी आरव्ही पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, चिमुकलं न्हाणीघर. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून या घराचं दार उजवीकडे असतं, आणि दाराच्या वर भिंतीला एक लांबलचक गुंडाळी असते. बटण दाबलं की ती गुंडाळी भिंतीपासून बाहेर सरकते, मागे कापड उलगडत जातं आणि दारापुढे मांडव पडतो. हेच ऑनिंग. चाकांवरच्या घराची ओसरीच म्हणा ना. लांबी गाडीप्रमाणे आठ फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत आणि भिंतीपासून बाहेर साधारण आठ फूट. आमचं सोळा फुटी होतं.

मला वाटायचं की बटण दाबलं की मोटर ऑनिंगला बाहेर ढकलते. प्रत्यक्षात ढकलणारे वेगळेच असतात. गाडीच्या डिकीचं झाकण वर तोलून धरणारे दोन काळे दांडे आठवा. त्यांत दाबून भरलेला वायू असतो. ऑनिंगच्या दोन्ही बाजूंना त्याला पेलणारे हात असतात. त्यांच्यात तसेच, पण जास्त ताकदीचे दांडे असतात आणि ते हातांना चोवीस तास बाहेर रेटत असतात. मोटर बसलेली असते पुढच्या कडेच्या गोल नळीच्या पोटात, जिच्यावर कापड गुंडाळलेलं असतं. बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालते आणि नळी फिरवून कापड सोडते किंवा गुंडाळते, बस. संक्रांतीला फिरकी धरून उभा राहणारा मुलगा जे करतो तेच. पतंग वर नेतो वारा, पोरगा नुसता मांजा सोडतो, उतरवायचा झाला की गुंडाळतो. इथे दांडे म्हणजे वारा आणि मोटर म्हणजे फिरकी.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. उघडलेलं ऑनिंग ताठ दिसतं ते दांड्यांचा रेटा आणि कापडाची ओढ यांच्या रस्सीखेचीमुळे. मागची कड भिंतीवरच्या ॲल्युमिनियमच्या खाचेत ओवलेली, पुढची कड नळीला, आणि नळी दोन हातांवर अधांतरी. तिला खाली दाबून धरणारं काहीही नाही. हाताने उघडायच्या जुन्या ऑनिंगचे पाय भिंतीपासून सोडवून जमिनीवर टेकवता येत, खुंट्या ठोकता येत. मोटरवाल्याचे हात मात्र भिंतीलाच खिळलेले. सोय वाढली, पण जमिनीचा आधार गेला.

आता वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. आमच्या ऑनिंगचं क्षेत्रफळ जवळजवळ १२ चौरस मीटर. ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरचा वारा त्यावर सपाट आदळला तर सुमारे ६० किलो वजनाइतका रेटा बसतो. ३० मैलांना तो १३५ किलोंच्या आसपास जातो आणि ४० मैलांना २४० च्या घरात. खरा वारा काही इतका शिस्तीत काटकोनात येत नाही, तेव्हा हे ढोबळ हिशेब आहेत. पण "मघापेक्षा जरासाच वाढलाय" असं वाटणारा वारा कापडाला केवढा वाढलेला असतो, ते यातून कळतं. अंगाला वीस आणि तीस मैलांतला फरक फारसा जाणवत नाही. ऑनिंगच्या स्क्रूंना जाणवतो.

त्यात जागा वाईट. दाराच्या बाजूने आलेला वारा ऑनिंगखाली शिरतो आणि समोर गाडीची भिंत लागल्यावर अडतो. मागे फिरायला वाव नाही, म्हणून वर दाबतो. त्याच वेळी टपावरून जाणारा वारा वेग घेतो आणि कापडाला वरून ओढतो. खालून रेटा, वरून ओढ. भर पावसात छत्री उलटी होते ते याच युक्तीने, आणि इथली छत्री सोळा फुटांची. उलटली तर नळी आणि हात सगळं लटांबर गाडीच्या टपावर जाऊन पडतं. टपावर एसी असतो, हवेची झाकणं असतात, सोलर पॅनेल असतात. एका ऑनिंगच्या बिलात मग आणखी तीन बिलं येतात.

वारा दाराच्या विरुद्ध बाजूने येत असेल तर ऑनिंग आडोशाला असतं आणि खाली बसणाऱ्याला छान शांत वाटतं. ती शांतता पूर्ण खरी नसते. टपावरून उडी मारून येणारी हवा पलीकडे भोवरे करते आणि ते कापडाला मधूनमधून हिसके देतात. कापड बहुतेक वेळा अशा हिसक्यांनीच जातं. झुळूक नळीला वर उचलते, क्षणभर कापड सैल पडतं, लगेच दांडे नळीला बाहेर फेकतात आणि कापड फटकन ताणलं जातं. धुतलेली चादर दोरीवर टाकण्याआधी आपण झटकतो, तसं. चादर एकदा झटकायची असते. इथे हा कार्यक्रम तासभर चालतो, आणि सगळा मार शिवणीवर आणि भिंतीजवळच्या कडेवर बसतो.

मग किती वारा चालतो? आरव्हीवाल्यांत सर्रास ऐकू येणारा आकडा म्हणजे ताशी २० मैल, आणि मला तोही उदार वाटतो. युरोपात घरांच्या ऑनिंगसाठी ईएन १३५६१ नावाचं प्रमाण आहे. त्यात पहिल्या वर्गाचं ऑनिंग ताशी २८ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यासाठी, दुसऱ्या वर्गाचं ३८ पर्यंत, तिसऱ्याचं ४९ पर्यंत. हे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बसवलेल्या ऑनिंगचे आकडे आहेत. आरव्हीची भिंत म्हणजे पातळ सांगाड्यावर चिकटवलेला फायबरग्लास किंवा पत्रा.

वारा मोजायचं यंत्र जवळ नसलं तरी झाडं असतात. ब्युफोर्ट नावाचा वाऱ्याचा जुना तक्ता आहे, तो डोळ्यांनीच वाचायचा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले तर वारा ताशी १३ ते १८ मैल. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली तर १९ ते २४. मोठ्या फांद्या हलायला लागल्या आणि छत्री हातात ठरेना, तर २५ ते ३१. मी लहान झाडांवर नजर ठेवतो. ती डोलली की बटण.

कोलोरॅडोत उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग जमतात, तिथे मात्र झाडंही फार वेळ देत नाहीत. ढगातून पावसाबरोबर थंड हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पाऊस अजून पलीकडच्या डोंगरावर दिसत असतो, आपल्याकडे ऊन असतं, आणि या थंड हवेची भिंत येऊन थडकते. आधी अंगाला एकदम गारवा लागतो. तो आपल्याकडच्या वळवाच्या आधीच्या गारव्यासारखाच असतो, म्हणून आपण खुश होऊन खुर्चीत टेकतो. नेमकी तीच वेळ उठायची असते.

पावसाची गोष्ट वेगळी आहे आणि मला विचाराल तर जास्त फसवी, कारण वारा निदान आवाज करतो.

कोलोरॅडोतल्याच ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांजवळ आमचा मुक्काम होता. वारा अजिबात नव्हता, म्हणून पाऊस आला तरी आम्ही ऑनिंग उघडंच ठेवून आत भजी तळत होतो. बाबा दारात उभे राहून पाऊस बघत होते. एकदम म्हणाले, "अरे, झाडू आण, पोट आलंय." बाहेर येऊन बघतो तर कापडाच्या मधोमध पाण्याचा मोठा फुगा खाली लोंबत होता. बाबांना ते एका नजरेत कळलं, कारण मंडईत चाळीस पावसाळे त्यांनी हेच पाहिलंय. भाजीवाल्यांच्या ताडपत्रीला पोट येतं, मग कोणीतरी बांबू घेऊन खालून ढोसतो आणि शेजारच्या गिऱ्हाईकाच्या डोक्यावर धबधबा पडतो.

पोट येतं कसं ते बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. बारा चौरस मीटरच्या कापडावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की १२० लिटर. कापडाला नीट उतार असेल तर ते सगळं पुढच्या कडेवरून पागोळ्यांसारखं गळून जातं. उतार कमी असेल तर कुठेतरी थोडंसं थांबतं. थांबलेल्या पाण्याच्या वजनाने कापड तिथे किंचित झोळ खातं. झोळ पडला की आजूबाजूचं पाणी तिकडे वळतं, वजन वाढतं, झोळ आणखी खोल होतो. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी चार सेंटीमीटर खोल डबकं म्हणजे ८० लिटर, म्हणजेच ८० किलो. कापडावर एक धडधाकट माणूस झोपला आहे असं समजा. त्या ओझ्याने दोन्ही हात आत ओढले जातात, नळी मधोमध वाकते, आणि एकदा वाकलेली नळी पुन्हा कापड सरळ गुंडाळत नाही.

यावर उपाय एकच, उतार. त्याच युरोपीय प्रमाणानुसार घराच्या ऑनिंगला २५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १४ अंशांपेक्षा कमी उतार असेल तर पावसात ते मिटून ठेवायचं. आठ फुटांच्या ऑनिंगला हा हिशेब लावला तर पुढची कड मागच्यापेक्षा दोन फूट खाली हवी. ऐकायला सोपं आहे. पण आरव्हीचं दार ऑनिंगच्या खालीच उघडतं. कापड इतकं खाली आलं की दाराचा वरचा कोपरा त्याला घासतो, आणि चार दिवसांत तिथे भोक. काही जण दाराच्या त्या कोपऱ्यावर छोटं चाक किंवा मऊ टोपी बसवतात, ती याचसाठी. मधला मार्ग म्हणजे दारापासून लांब असलेला एकच हात खाली घ्यायचा. कापड तिरकं होतं, पाणी एका कोपऱ्याकडे धावतं, दार मोकळं राहतं. खुर्च्या आणि शेगडी त्या कोपऱ्याखाली ठेवू नयेत, हे आम्ही अनुभवाने शिकलो. तिथे ठेवलेली भजी गेली.

बऱ्याच नव्या मोटरवाल्या ऑनिंगमध्ये ही तिरकं होण्याची युक्ती आपोआप चालते. पाण्याचं वजन ठरावीक मर्यादेपुढे गेलं की एका बाजूचा हात झुकतो, पाणी ओतून टाकतो, आणि ओझं उतरलं की आतला वायूचा दांडा त्याला परत जागेवर आणतो. जात्याच हुशार रचना आहे, ना सेन्सर ना वीज. पण तिची ताकद रिमझिमीपुरती. धो धो पावसात पाणी ओतण्याच्या वेगापेक्षा साचण्याचा वेग जास्त होतो, आणि पावसाबरोबर वारा आला तर झुकलेला हात वाऱ्याला आयतंच शीड देतो.

एक चूक मात्र हमखास होते. कापडावर डबकं दिसलं की माणूस घाबरून मिटायचं बटण दाबतो. मोटर कापड ओढू लागते, पाणी पुढे सरकतं आणि सगळं ओझं नळीजवळ गोळा होतं. मोटर आधीच दांड्यांच्या विरुद्ध ओढत असते, त्यात हे. फ्यूज उडाला तर नशीब समजा. नाहीतर गिअर जातात किंवा हात वाकतो. आधी पाणी उतरवा, मग मिटा. बाबांनी झाडूला पंचा गुंडाळला, पोटाच्या एका कडेपासून हळूहळू वर ढकलत पाणी कोपऱ्याकडे नेलं. बरोबर मधोमध ढोसलं असतं तर सगळं पाणी दोन्हीकडे उसळून कापडाला झटका बसला असता. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता सेन्सर. महागड्या ऑनिंगमध्ये वाऱ्याचा सेन्सर असतो आणि जाहिरातीत तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत. पूर्वी टपावर वाट्या असलेली भिरभिरी लावत आणि ती वाऱ्याचा वेग मोजे. आता बहुतेक ठिकाणी ऑनिंगच्या पुढच्या दांडीत एक चिप असते, फोन आडवा केला की चित्र आडवं करणारी, त्याच जातीची. ती वारा मोजत नाही, दांडी किती हलते ते मोजते. हा विचार तसा बरोबर आहे, कारण टपावरच्या वाऱ्याशी आपल्याला देणं-घेणं नाही, कापडाचे हाल किती होताहेत ते महत्त्वाचं. हालचाल ठरवलेल्या मर्यादेपुढे गेली की मोटरला हुकूम जातो, मीट. मर्यादा कमी-जास्त करता येते. फारच नाजूक ठेवली तर कुणी डोकं आपटलं तरी ऑनिंग लाजाळूसारखं मिटून घेतं.

दोष तिथेच आहे. हालचाल झाल्याशिवाय चिपला काही कळत नाही, म्हणजे पहिला हिसका बसलेला असतो. पुढे हुकूम जाणार आणि मोटर कापड गुंडाळणार, त्याला साधारण अर्धं ते एक मिनिट. मघाची ती थंड हवेची भिंत दहा सेकंदांत येते. मिटत असतानाचं अर्धवट ऑनिंग हे तर सगळ्यात सैल, सगळ्यात दुबळं. रोजच्या वाढत्या वाऱ्यात सेन्सर चांगला उपयोगी पडतो. तुम्ही आत ताटं वाढत असता आणि तो आठवणीने मिटून घेतो. वादळात मात्र त्याच्यावर विसंबू नये.

शिवाय त्याला पाऊस दिसत नाही. उलट ८० किलो पाणी घेऊन लोंबणारं कापड कमी हलतं, म्हणजे सेन्सरच्या लेखी सगळं आलबेल. बॅटरी उतरलेली असेल किंवा स्वयंचलित बटण बंद असेल तरी तो गप्पच. म्हणून दोन नियम हाताने उघडायच्या जुन्या ऑनिंगला होते तेच याला: गाडी सोडून फिरायला जाताना मिटा, झोपताना मिटा. उत्पादकांच्या पुस्तिकाही सेन्सरचं कौतुक करून झाल्यावर हेच सांगतात.

शेजारच्या गाडीवाल्याने आम्हाला पट्ट्यांनी नळी जमिनीला बांधायचा सल्ला दिला होता. जुन्या ऑनिंगला तो चालायचा. मोटरवाल्याला बांधायचं असेल तर आधी उत्पादकाने परवानगी दिली आहे का बघा, आणि सेन्सर बंद करा. नाहीतर वाऱ्यात सेन्सर मोटरला मिटायला सांगणार, पट्टा मिटू देणार नाही, आणि दोघांच्या भांडणात गिअर मरणार. दुसरं, बांधल्याने जोर नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. नळी वर जाऊ शकली नाही की सगळी ओढ भिंतीतल्या स्क्रूंवर येते. कापड बदलता येतं. भिंतीतून उपटलेले स्क्रू म्हणजे आत पाणी, आणि आत पाणी म्हणजे कुजलेली आरव्ही.

मोटरच रुसली तर? आधी फ्यूज आणि बॅटरी बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. त्यानंतर बहुतेक ऑनिंगना हाताने मिटायची सोय असते. नळीच्या टोकाचं रबरी झाकण काढून ड्रिलला सॉकेट लावून फिरवायचं, किंवा हँडल. प्रत्येकाची पद्धत वेगळी, म्हणून पुस्तिकेतलं ते एक पान निघण्याआधी वाचून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. भर वाऱ्यात अंधारात ते शोधायची वेळ येऊ नये. आणि हातांचे बोल्ट कधीही सोडवू नका. आतले दांडे दाबलेल्या अवस्थेत असतात आणि सुटले तर माणसाला फेकून देतात.

राहिलं ओलं कापड. पावसात घाईने मिटलं की आत पाणी गुंडाळलं जातं. ऑनिंगची कापडं मुख्यतः दोन जातींची. व्हिनाइलमधून पाणी पाझरत नाही, पण ते श्वासही घेत नाही, त्यामुळे आत बुरशी धरते. ॲक्रेलिक विणलेलं असतं, लवकर वाळतं, पण जोरदार पावसात खाली तुषार येतात. दोन्ही ओली ठेवली तर वास मारतात. मुक्काम हलवताना पाऊस असला तर ओलंच मिटायला हरकत नाही, पण पुढच्या उन्हात उघडून वाळवायला हवं.

आम्ही डेन्व्हरला परतायच्या दिवशी सकाळी पाऊस होता. गाडी द्यायच्या आधी शहराबाहेर एका मोकळ्या पार्किंगमध्ये ऊन बघून थांबलो, ऑनिंग उघडलं आणि तासभर ते वाळेपर्यंत खाली खुर्च्या टाकून बसलो. बाबा पंच्याने नळीच्या कडेची ओल पुसत होते. काउंटरवरच्या बाईंनी गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी ऑनिंगचं बटण दाबलं, कापडावरून हात फिरवला आणि मग इंजिनाकडे वळल्या.